त्या दिवशी मास्तरांच्या तोंडात पान होतं

केरबा मास्तर ‘कट!’ म्हणाले की माणूस होता तसा थांबायचा. पाय उचललेला असेल तर उचललेला, तोंड उघडं असेल तर उघडं. एकदा आमच्या सेंटर फॉरवर्डला शिंक येत होती आणि नेमकं त्याच वेळी मास्तर ‘कट!’ म्हणाले. तो तसाच उभा राहिला. नाक फुललेलं, डोळे पाण्यानं भरलेले. मास्तर सावकाश मैदानभर फिरले, एकाचा खांदा सरळ केला, दुसऱ्याला थोडं मागं ढकललं आणि मग म्हणाले, ‘ॲक्शन!’ त्यानंतर जी शिंक आली तिनं बॉल हातभर पुढं सरकला, असं आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, सांगायचा. गोली थापाड्या होता. पण शिंक थांबली होती, ते मी स्वतः पाहिलंय.

हे सिनेमाचं शूटिंग नव्हतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची ती सकाळची प्रॅक्टिस होती आणि केरबा मोहिते तिचे कोच होते. कोल्हापुरात पेठेला तालीम असते आणि तालमीला फुटबॉलचा संघ असतो. लाल मातीत कुस्ती आणि चिखलात फुटबॉल, दोन्हींवर हुकूम एकाच वस्तादांचा. सासुरवाडीला जाताना जावई आधी विचारतो, मॅच कुणाची हाय? कारण पेठ हरलेली असेल तर त्या दिवशी जेवणात मीठ कमी पडतं.

मी हे लिहायला बसलोय त्याला कारण आहे. साठच्या दशकातली ती फायनल पाहिलेली माणसं पुढं कितीतरी वर्षं सांगत असत की कट मास्तरांनी भर मॅचमध्ये ‘कट!’ अशी आरोळी ठोकली, आमची अकराच्या अकरा पोरं पुतळ्यागत उभी राहिली आणि पलीकडच्या पेठेनं मोकळ्यात गोल घातला. गोल झाला हे खरं. पोरं उभी राहिली हेही खरं. पण ओरडले ते मास्तर नव्हते. जो ओरडला त्याला मी ओळखतो. रोज सकाळी दाढी करताना तो माझ्यासमोर असतो.

त्याचं पुढं येईलच. आधी मास्तर समजून घ्या.

मास्तरांचं पोट सिनेमावर होतं. त्या काळी कोल्हापुरात स्टुडिओ चालू होते आणि पेठेतल्या निम्म्या माणसांनी कधी ना कधी मावळा होऊन भाला धरलेला होता. आमच्या शेजारचे एक गृहस्थ तर बऱ्याच लढायांत मेले होते आणि दर वेळी संध्याकाळी भाजी घेऊन घरी आले होते. मास्तर मात्र मरणाऱ्यांतले नव्हते. ते एका दिग्दर्शकाचे चौथे असिस्टंट. पहिल्या तिघांना काय काम असायचं ते मला कधी कळलं नाही, पण चौथ्याला होतं. दिग्दर्शकांचा घसा नाजूक. ते खुर्चीत बसून पुटपुटायचे आणि मास्तर पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून तेच गरजायचे. दिग्दर्शकांचा ‘कट’ शेजारच्यालाही ऐकू जात नसे. मास्तरांच्या ‘कट’वर घोडेसुद्धा थांबायचे.

‘‘पिच्चर त्येंचा, आवाज माझा,’’ मास्तर मला सांगायचे. ‘‘पण वसंता, गंमत बघ. पिच्चरमधी माझा आवाज ऐकूच येत न्हाय. ‘कट’ म्हटलं की फिलमच बंद. ‘ॲक्शन’च्या आधीचं कापून टाकत्यात. म्हंजे जेवढं मी बोललो तेवढंच नेमकं पिच्चरमधी न्हाय!’’

असं बोलून स्वतःच मोठ्यानं हसायचे.

फुटबॉल ते कधी खेळले नव्हते. तालमीच्या वस्तादांनी संघ त्यांच्या हवाली केला तो निव्वळ आवाजासाठी. आधीचे मास्तर सज्जन होते, पण मैदानाच्या एका टोकाला बोलले की दुसऱ्या टोकाला पत्र टाकावं लागे. केरबा मास्तर पहिल्याच दिवशी भोंगा घेऊन आले आणि पोरांना ओळीत उभं करून म्हणाले, ‘‘बॉल गोल हाय आणि गोल चौकोनी हाय. ह्येच्यापलीकडं सगळं डायरेक्शन हाय. उद्यापासनं रिहर्सल.’’

रिहर्सल म्हणजे बिनबॉलची. एक आठवडाभर अकरा धट्टीकट्टी पोरं सकाळी उठून मैदानावर नसलेल्या बॉलमागं पळत होती. कुणी नसलेला पास देतोय, कुणी नसलेला अडवतोय, गोली नसलेल्या शॉटवर उडी मारून गुडघे फोडून घेतोय. रस्त्यानं जाणारा गवळी सायकल थांबवून विचारायचा, ‘‘काय मास्तर, बॉल हरवला व्हय?’’

‘‘न्हाय. अजून आलेला न्हाय,’’ मास्तर गंभीरपणे सांगायचे. ‘‘मोठा आर्टिस्ट हाय त्यो. सेटवर शेवटी येतो.’’

आणि मधेच ‘कट!’ की सगळे थिजणार. मग मास्तर प्रत्येकापाशी जायचे. ‘‘तू हितं का? तुला हितं कुणी बोलवलंय? पावणा हाईस व्हय? आणि तू रं, बॉल तिकडं आणि तू बघतोस दवाखान्याकडं. नर्स आवडली असंल तर घरात सांग, मोहिते मास्तर मध्यस्थी करतील. पण प्रॅक्टिसला न्हाय.’’ पोरांना हसू यायचं आणि हसता यायचं नाही, कारण अजून ‘ॲक्शन’ झालेलं नसायचं. अकरा माणसं पोटात हसू दाबून दगडासारखी उभी आहेत आणि एक माणूस त्यांच्यातून बागेतल्यासारखा फिरतोय, हे दृश्य बघायला आम्ही रिकामी मंडळी मुद्दाम लवकर उठायचो.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे ‘कंटिन्युइटी’. सिनेमात एका शॉटमध्ये फेटा डावीकडं कललेला असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो डावीकडंच पाहिजे. मास्तरांनी हा नियम फुटबॉलला लावला. संघ जिंकला की जर्सी धुवायच्या नाहीत. जो चिखल जिथं लागला तिथंच पुढच्या मॅचला पाहिजे. आमचा फुलबॅक बाळू पाटील याच्या आईला हे माहीत नव्हतं. तिनं सेमीफायनलच्या आदल्या दिवशी जर्सी सोडा लावून स्वच्छ धुतली. मास्तर बाळूच्या घरी गेले, दोरीवरची पांढरीशुभ्र जर्सी बघून मटकन ओट्यावर बसले आणि म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही शॉट खराब केला.’’

मग त्यांनी परसातल्या मोरीजवळचा चिखल घेतला आणि आठवून आठवून जर्सीवर लावायला सुरुवात केली. पाठीवर एक गोल, डाव्या बगलेखाली लांब पट्टा. बाळूची आई कपाळाला हात लावून बघत होती. शेवटी ती म्हणाली, ‘‘भाऊजी, खांद्यावर बी हुता थोडा.’’

‘‘आता कसं बोललासा!’’ मास्तर खूश होऊन म्हणाले. सेमीफायनल आम्ही जिंकलो. त्या चिखलाला वास येत होता आणि पलीकडचा एकही गडी बाळूच्या जवळ गेला नाही, हे त्यामागचं खरं कारण असावं.

मास्तरांना स्वतःचा एक सिनेमा काढायचा होता. विषय फुटबॉल. एकदा कुणा निर्मात्यासमोर गोष्ट सांगायला गेले आणि मला सोबत नेलं. मास्तर उभं राहून, घाम गाळून, दोन्ही संघांच्या वतीनं खेळत होते. निर्मात्यानं पान जुळवत विचारलं, ‘‘हिरॉईन कुठाय?’’

‘‘प्रेक्षकांत.’’

‘‘गाणं?’’

‘‘हाफ टाइमला.’’

‘‘आणि शेवट काय?’’

मास्तर धापा टाकत म्हणाले, ‘‘साहेब, मॅच अजून चालू हाय. शेवट आत्ताच कसा सांगू?’’

आम्हाला चहासुद्धा मिळाला नाही. परत येताना मास्तर म्हणाले, ‘‘त्येला हिरॉईन पायजे हुती. आपल्या संघात मातीशिवाय बाईमाणूस न्हाय.’’

आता मॅचचं सांगतो, कारण तिथंच सगळी गोम आहे. प्रॅक्टिसला मास्तर घसा फोडून ओरडायचे, पण मॅचमध्ये त्यांच्या तोंडून अक्षर निघत नसे. ‘‘मॅच म्हंजे पिच्चर थेटरात लागला. आता कापाकापी न्हाय. आता गप बसून बघायचं,’’ हा त्यांचा नियम. पण स्वतःवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधी ते तंबाखूचं जाडजूड पान गालात कोंबायचे. तोंड इतकं भरलेलं की ओरडायचं म्हटलं तरी ओरडता येऊ नये. भोंगा मांडीवर पालथा, दोन्ही गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले, असे ते मैदानाच्या कडेच्या बाकावर बसायचे. गोल झाला की ‘‘हूंऽऽ’’ असा आवाज काढायचे. गोल खाल्ला तरी तोच.

माझं काम वर, माइकपाशी. मी बँकेत कारकून होतो, पण रविवारी मैदानावर लाउडस्पीकरवरून मॅचचं धावतं वर्णन करायचो. मला आवाज होता आणि त्याहून जास्त मला नकला येत होत्या. बर्फवाला, रेफ्री, आमचे वस्ताद, कुणाचीही नक्कल मी काढायचो. मास्तरांची तर अशी काढायचो की ऐकणारा मागं वळून बघायचा. माइकवर कधी नाही हं. हे सगळं तालमीच्या पायरीवर, चार मित्रांत.

एकदा असाच पायरीवर मास्तरांची नक्कल काढत होतो आणि मित्रांची तोंडं एकदम पडली. मागं मास्तर उभे. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

‘‘परत म्हण,’’ मास्तर म्हणाले.

मी चाचरत म्हटलं, ‘‘कट.’’

‘‘तसं न्हाय. मघाशी म्हटलास तसं म्हण.’’

मी म्हटलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. ‘‘सुरुवात चांगली हाय. पण शेवटाला तू ढिला पडतोस. दार बंद केल्यागत व्हायला पायजे. म्हण परत.’’ आणि त्या दिवशी, सगळ्यांसमोर, त्या माणसानं मला स्वतःची नक्कल शिकवली. श्वास कुठून घ्यायचा, हनुवटी किती वर करायची. जमल्यावर माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, ‘‘आता घोडं थांबंल.’’

मग ती फायनल आली.

सकाळीच मला निरोप आला होता की शेजारच्या जिल्ह्यातल्या रेडिओ केंद्रावरून एक साहेब मॅच बघायला येणार आहेत. त्यांना खेळाचं वर्णन करणारा माणूस हवा होता आणि माझं नाव कुणीतरी सुचवलं होतं. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या तालमीला कळली होती. बँकेतल्या नोकरीत माझा जीव रमत नव्हता. ही संधी गेली तर जन्मभर चलनावर शिक्के मारणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. साहेब आले ते कोट घालून, आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले.

मॅच रटाळ झाली. खरंच रटाळ. दोन्ही पेठा हरायला इतक्या घाबरलेल्या की जिंकायचं कुणाच्या लक्षात नव्हतं. बॉल मधल्या मधे लोळत होता. मी माझ्या परीनं रंग भरत होतो. विशेषणं संपली, उपमा संपल्या, बाळूच्या मिशीचं वर्णनसुद्धा करून झालं. शेवटची काही मिनिटं राहिली होती. तेवढ्यात पलीकडच्या पेठेचा फॉरवर्ड बॉल घेऊन आमच्या गोलाकडं निघाला. बाळू त्याला आडवा गेला. आणि मी साहेबांकडं बघितलं.

साहेबांनी जांभई दिली.

‘तोंडातून गेलं’ असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला त्या माणसाला जागं करायचं होतं. मी हनुवटी वर केली, श्वास शिकवला होता तिथून घेतला आणि माइकवर, दार बंद केल्यासारखं म्हटलं, ‘‘कट!’’

त्या वेळचे आमचे लाउडस्पीकर म्हणजे बांबूवर बांधलेले कर्णे. त्यातून आलेला आवाज आणि मास्तरांच्या पत्र्याच्या भोंग्यातला आवाज, दोन्ही सारखेच खरखरीत. कुठून आला ते कुणालाच कळलं नाही. अकरा पोरं जागच्या जागी थिजली. बाळूचा एक पाय हवेत. गोली दोन्ही हात पसरून उभा, जसा काही त्याला कुणीतरी शर्टाचं माप घ्यायला उभं केलंय. पलीकडचा फॉरवर्डसुद्धा क्षणभर थबकला. त्याला वाटलं, शिट्टी झाली. त्यानं रेफ्रीकडं बघितलं, रेफ्रीनं त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं बॉल हळूच, लहान मुलाला घरात सोडावं तसा, गोलीच्या पायाशेजारून आत सोडला.

मैदानावर आकाश फाटावं तसा गोंगाट झाला. साहेब उठून उभे राहिले होते. मी माइक घट्ट धरला आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत स्वच्छ, सर्वांत ठाम वाक्य बोललो.

‘‘मास्तरांनी कट म्हटलं! केरबा मास्तरांनीच कट म्हटलं, आणि गोल!’’

मॅच तिथंच गेली. उरलेल्या वेळात आमची पोरं धावली, पण ती धावत नव्हती, रडत होती. शेवटची शिट्टी झाली आणि सगळी पेठ मास्तरांच्या बाकाभोवती जमा झाली. वस्ताद पुढं झाले.

‘‘केरबा, तू वरडलास?’’

मास्तरांचे दोन्ही गाल फुगलेले होते. त्यांनी वर माझ्या टेबलाकडं बघितलं. खूप वेळ नाही. मग त्यांनी बोट वर करून ‘थांबा’ अशी खूण केली, गर्दीतून वाट काढत भिंतीच्या कोपऱ्यात गेले आणि तोंडातलं सगळं पान थुंकून टाकलं. परत आले. धोतराच्या सोग्यानं ओठ पुसले आणि म्हणाले, ‘‘व्हय. मीच. ग्येलं तोंडातनं.’’

ज्या माणसाला ‘व्हय’ म्हणायच्या आधी कोपऱ्यात जाऊन तोंड रिकामं करावं लागलं, तो घटकाभरापूर्वी मैदान हादरेल असा ओरडला कसा? सगळ्या पेठेत एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. मी माइक बंद केला.

लोक मास्तरांना बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडं शिवी आधी येते आणि मग राग येतो, त्या दिवशी दोन्ही एकदमच आले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्या उंबऱ्यावर फुटका बॉल ठेवून गेलं. पुढच्या हंगामाला तालमीनं शिट्टीवाला नवा मास्तर आणला. पायरीवरच्या माझ्या मित्रांना संशय आला असेलही, पण ज्याच्यावर आळ तोच कबूल करतोय म्हटल्यावर त्यांनी संशय ठेवायचा कुठं? साहेब माझ्यावर बेहद्द खूश होते. ‘‘काय प्रसंगावधान! काय घडलं ते लोकांना कळायच्या आत तुम्ही कारण सांगितलंत. अहो, हेच तर वर्णनकाराचं काम!’’ असं म्हणत त्यांनी माझा हात दाबला. मला रेडिओवर घेतलं.

पुढं मी कुस्त्या, कबड्डी, फुटबॉल, हॉकी, सगळ्यांचं वर्णन केलं. लोक म्हणायचे, वसंतराव जसं होतं तसं सांगतात. हे वाक्य ऐकलं की मी पाणी प्यायचो.

मास्तरांना मी टाळत होतो. समोरून आले की मी दुकानात शिरायचो. त्यापायी माझ्या घरात नको असलेल्या कितीतरी वस्तू आल्या. एकदा घोड्याचा पट्टा घेऊन आलो होतो. बायको म्हणाली, ‘‘आता घोडं कधी आणताय?’’

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मात्र गाठ पडलीच. स्टुडिओ थंडावले होते. मास्तर एका थिएटरच्या दारावर तिकिटं फाडायचं काम करत होते. मॅटिनीला गेलो आणि अंधारातून ओळखीचा आवाज आला, ‘‘चौथ्या रिळाला हिरोच्या हातातली छत्री बघा. रस्ता वलांडूस्तोवर गायब हुतीया. पैसे देऊन आलाय, सोडू नका.’’ आणि मग माझं तिकीट हातात घेतल्यावर, ‘‘आरं, वसंता!’’

इंटरव्हलनंतर आम्ही समोरच्या चहाच्या गाड्यावर बसलो. मास्तर वाळले होते. ते माझ्या वर्णनाबद्दलच बोलत राहिले. ‘‘परवा कबड्डीला तू मधीच श्वास घेतलास, मला हितं कळलं. आणि कुस्तीत घाई करतोस. गडी पडायच्या आधी पाडू नगंस.’’ म्हणजे हा माणूस मला रोज ऐकत होता.

मी म्हणालो, ‘‘मास्तर, त्या फायनलला कट मी म्हटला हुता.’’

मास्तरांनी बशीतला चहा संपवला. ‘‘मला काय सांगतोस? मी म्हटला न्हवता ह्ये मला म्हाईत न्हवतं व्हय?’’

‘‘मग तुम्ही कबूल का केलं?’’

‘‘त्यो कोटवाला पुढं बसला हुता. तुझ्या भाकरीचं चाललंवतं. दोघांनी बुडून काय करायचं?’’ मग ते गाड्यावरच्या स्टोव्हकडं बघत बोलू लागले. ‘‘त्या दिवशी घरी गेलतो तर तुझी काकू रडाय लागलेली. म्हटलं, रडू नगंस. आपल्याला पोरबाळ न्हाय, आपल्यामागं कोण, असं म्हणतीस न्हवं? आज माझा आवाज दुसऱ्याच्या गळ्यातनं आला. असा हुबेहूब म्हणून सांगू, माझ्या हाताखालची पोरं फसली की गं! मी जन्मभर डायरेक्टरचा आवाज झालो. माझा आवाज हुणारं बी कोणतरी भेटलं.’’

मी म्हणालो, ‘‘मास्तर, मी रेडिओवरनं खरं सांगतो. येत्या मॅचलाच सांगतो.’’

मास्तर एकदम घाबरले. माझं मनगट धरलं. ‘‘आरं नगं! येडा हाईस का?’’

तेवढ्यात रस्त्यावरून सायकलवरनं जाणारा एक माणूस ओरडला, ‘‘काय कट मास्तर! झ्याक न्हवं?’’ मास्तर ताठ बसले. हात वर केला. चेहरा असा उजळला की मला त्यांचं जुनं तोंड दिसलं. सायकलवाला गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘बघितलास? त्येला मी वळखत न्हाय. पण त्यो मला वळखतोय. चौथ्या असिस्टंटचं नाव पिच्चरच्या पाटीवर येत न्हाय वसंता. संघ किती येळा जिंकवला ते बी कुणाच्या ध्यानात न्हाय. लोकांनी माझं म्हणून एवढं एकच ठेवलंय. त्ये बी काढून घेतोस?’’

मी गप्प बसलो. त्यांनी सांगितलं म्हणून बसलो, की ते मला सोयीचं होतं म्हणून, याचा निवाडा मला आजवर करता आलेला नाही. मास्तर गेले. मागून काकू गेल्या. मी त्यांचा शब्द पाळत राहिलो आणि लोक मला खरं सांगणारा माणूस म्हणत राहिले.

मागच्या महिन्यात नातवानं मला मॅचला नेलं. आमच्याच तालमीची मॅच. पुढच्या पायरीवर आमच्या पेठेची पोरं बसली होती, जर्सी घातलेली, तोंडाला रंग लावलेली. एकाला विचारलं, ‘‘काय रे, कट मास्तर माहीत आहेत का?’’

‘‘कोण वो?’’

दुसऱ्याला विचारलं. त्यानं तिसऱ्याला विचारलं. कुणालाच माहीत नव्हते. मला आधी वाईट वाटलं आणि मग लक्षात आलं, आता मी काढून घ्यावं असं त्यांचं काही राहिलेलंच नाही. शब्द संपला. मी उभा राहिलो.

‘‘केरबा मोहिते,’’ मी म्हणालो. ‘‘आपल्या तालमीचे कोच.’’

‘‘काय केलतं त्यांनी?’’

‘‘त्यांनी काही केलं नव्हतं,’’ मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. मैदानावरचा, माइकवरचा, माझा स्वतःचा आवाज. ‘‘मी केलं होतं. फायनल मी घालवली आणि नाव त्यांचं घेतलं.’’

पोरं माझ्याकडं बघत होती. मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला.

‘‘आजोबा, तेवढं खाली बसून सांगा की. मागच्यास्नी दिसंना झालंय.’’

मी खाली बसलो. तोवर खेळ सुरू झाला होता आणि पोरांची तोंडं मैदानाकडं वळली होती. म्हणून घरी येऊन हे लिहिलं.